'हेच वास्तव आहे' एवढं म्हणून भागत नाही

जानेवारी २०२२ ची गोष्ट. थिएटरं तेव्हा अर्धीच भरायची परवानगी होती, एक खुर्ची सोडून एक बसायचं, तोंडावर मास्क. आम्ही चौघं 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' बघायला गेलो होतो. मी, ताई, ताईचा बावीस वर्षांचा पोरगा आणि आमचा मामा. मामा तेव्हा अडुसष्टचा, १९८२ च्या गिरणी संपाच्या आधी गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होता. थिएटर लोअर परळच्या एका मॉलमधलं, म्हणजे जिथं मामाच्या वेळी गिरणीची चिमणी दिसायची त्याच पट्ट्यातलं. सिनेमा संपला, बाहेर आलो, आणि स्टेशनापर्यंत चालत जाताना चौघांची चार मतं झाली. भाचा म्हणाला भारी होता, मराठीत असं कोण दाखवतं, एकदम रॉ. ताई म्हणाली मला मळमळलं, मी परत असलं बघणार नाही. माझं काही ठरत नव्हतं. मामा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "शिव्यांचं काय नाय रे, खात्यात आम्ही ह्याच्याहून जास्त द्यायचो. पण त्या पोरांच्या पोटातली भूक मला दिसली नाय. डोक्यातली दिसली."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहितोय कारण तसला रक्ताने माखलेला कुठलाही सिनेमा आला, २०२३ मध्ये 'ॲनिमल' आला तेव्हाही, की लोक लगेच दोन गटात उभे राहतात आणि दोन्ही गट तीच दोन वाक्यं बोलतात. एकाचं वाक्य, असली घाण दाखवायची गरज काय. दुसऱ्याचं वाक्य, हेच वास्तव आहे, झेपत नसेल तर बघू नका. मला दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात आणि खरं सांगायचं तर दुसरं वाक्य जास्त अपुरं वाटतं, कारण ते म्हणणारी माणसं माझ्या जवळची आहेत आणि त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

आधी जे झालं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या आता लक्षात नसेल. सिनेमा महेश मांजरेकरांचा, जयंत पवारांच्या कथेवरचा, गिरणगावातल्या, गुन्ह्यात ओढल्या गेलेल्या पोरांचा. १४ जानेवारीला रिलीज. त्याच्या काही दिवस आधी ट्रेलर आला आणि गदारोळ झाला, कारण ट्रेलरमध्ये शाळकरी वयाची पोरं आणि मोठ्या बायका असलेले अश्लील शॉट होते. राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला लिहिलं, कोर्टात तक्रार गेली, पुढे माहीम पोलीस ठाण्यात पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. ट्रेलरमधली ती दृश्यं नंतर काढली. निर्मात्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की सिनेमाला ए सर्टिफिकेट आहे, मोठ्यांसाठी आहे, मग प्रॉब्लेम काय.

प्रॉब्लेम हा की ट्रेलरला दारावर उभा राहून कोणी तिकीट तपासत नव्हतं. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, पण यूट्यूबवर टाकायच्या ट्रेलरचं कोणी विचारत नाही, तो थेट प्रत्येकाच्या मोबाईलवर जातो, आठवीतल्या पोराच्या पण. आणि दोन-अडीच मिनिटांत संपूर्ण कथा मावत नाही, त्यामुळे कोणीतरी बसून ठरवतं की यातलं काय दाखवून माणूस खेचायचा. ते ठरवताना त्यांनी जे निवडलं तिथेच माझा पहिला आक्षेप आहे. सिनेमात एखादं दृश्य मागचंपुढचं घेऊन येतं, त्याला कारण असतं, परिणाम असतो. ट्रेलरमध्ये ते उचकटून लावलं की उरतं फक्त शरीर. तुम्ही जर म्हणताय की आम्ही ह्या पोरांची शोकांतिका सांगतोय, तर त्या पोरांच्या शोकांतिकेचं पोस्टर तुम्ही असं केलंत? ह्याचं उत्तर 'वास्तव' ह्या शब्दाने देता येत नाही. तो जाहिरातीचा निर्णय होता आणि चुकीचा होता.

पण म्हणून सिनेमावर बंदी घाला म्हणणाऱ्यांच्या शेजारी मी उभा राहणार नाही. हे आपल्याकडे फार जुनं आहे. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर हेच झालं, प्रयोग थांबवले, दिग्दर्शक कमलाकर सारंगांना हायकोर्टात जावं लागलं, आणि आज तेच नाटक मराठी रंगभूमीच्या मोठ्या नाटकांत मोजलं जातं. तेव्हा ज्यांनी मराठी संस्कृती बुडाली म्हणून आरडाओरडा केला त्यांना सखारामच्या घरातल्या बायकांचं दुःख दिसलंच नव्हतं, फक्त त्याच्या तोंडातली शिवी ऐकू आली होती. २०२२ मध्येही मला तेच वाटत होतं. गिरणगावातली पोरं शाळा सोडून गल्लीत उभी राहायला लागली तेव्हा कुठल्या संस्कृतीरक्षकाने चाळीच्या दारात येऊन विचारलं होतं का की बाबा रे, घरात काय शिजतंय? पडद्यावर ती पोरं दिसली की मात्र त्रास होतो. हा राग माझा खरा आहे आणि तो मी लपवत नाही.

आता जयंत पवारांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय ह्या वादाचं मूळ कळत नाही. पवार महाराष्ट्र टाइम्समध्ये नाटकांवर लिहायचे, 'अधांतर' हे त्यांचं नाटक १९९७ चं, संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या एका गिरणी कामगाराच्या कुटुंबाचं. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' ह्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेले, म्हणजे त्यांच्या कथेवरचा हा सिनेमा थिएटरात लागला तेव्हा ते नव्हते. ती कथा मी सिनेमाच्या आधी वाचली होती. वाचताना पण हादरलो होतो, पण मळमळलं नव्हतं, आणि ताईला मळमळलं त्या रात्री मी विचार करत होतो की फरक कशाचा. मला वाटतं कागदावर हिंसा वाचताना चित्र आपण काढतो, आपल्याला झेपेल तेवढंच काढतो, आणि लिहिणारा आपल्याला त्या पोराच्या आत नेऊन बसवतो, तिथून जग बघायला लावतो, त्यामुळे ते पोर कितीही भयानक वागलं तरी ते आपल्यातलं राहतं. कॅमेऱ्याला आत जाता येत नाही. तो बाहेरून बघतो. मग कुठून बघायचं, किती जवळ जायचं, कधी नजर वळवायची, हे सगळं कोणीतरी ठरवायचं असतं, आणि तिथेच दिग्दर्शकाची जबाबदारी लेखकाहून जड होते. कथेत पण आहे ना मग सिनेमात का नको, असं म्हणणारे हा भाग विसरतात.

आणि नजर कुठे वळवायची हे मांजरेकरांना येत नाही असंही नाही. १९९९ चा 'वास्तव' आठवा. पावभाजीची गाडी लावणारा रघू, एका भांडणात हातून खून होतो आणि मग परतीचा रस्ताच बंद. शेवटी आईच त्याला गोळी घालते. रीमा लागूंचा तो चेहरा ज्यांनी बघितलाय त्यांना बंदुकीपेक्षा तो चेहरा लक्षात राहिलाय. मग २०१० चा 'लालबाग परळ', पवारांच्या 'अधांतर'वरचा, तिथे सीमा बिस्वास आई होती, घर डोळ्यासमोर फुटत जाताना बघणारी. तेव्हाही लोक म्हणालेच होते की हिंसा आणि सेक्स जरा जास्तच घातलंय, नाटकात हे नव्हतं. आणि मग २०२२ चा हा, ज्याच्या नावातच सांगितलंय की कोण कोणाचं नाही. साधारण अकरा-अकरा वर्षांच्या अंतराने तेच शहर, तीच माणसं, आणि दर वेळी एकेक आधार गळून पडत गेला. ह्या तीन सिनेमांकडे एकत्र बघितलं तर मला त्यात एक खरा प्रवास दिसतो. दिग्दर्शकाला काहीतरी जाणवलंय हे नक्की. म्हणूनच मी ह्या सिनेमाला फालतू म्हणून उडवून लावू शकत नाही. प्रेम धर्माधिकारीने ह्यात केलेला दिग्या बघताना पाठीत थंड काहीतरी सरकतं, आणि ते नुसतं रक्तामुळे नाही, त्या वयाच्या पोराच्या डोळ्यात काहीच हलत नाही त्यामुळे.

मग अडलं कुठे?

थिएटरात एक गोष्ट झाली ती सांगतो. ज्या ठिकाणी अंगावर काटा यायला पाहिजे होता, जिथे एका पोराचं लहानपण संपतंय, तिथे मागून शिट्ट्या आल्या. हसणं आलं. पाच-सहा पोरं असतील, एक खुर्ची सोडून एक बसलेली. ताईने माझा हात घट्ट धरला होता. आता ह्यात दोष कोणाचा? पहिला विचार हाच येतो की पोरंच तशी, त्यांना काय कळतं. मी पण दोन दिवस हेच म्हणत होतो. पण मग मला 'सत्या' सिनेमा आठवला. १९९८ मध्ये त्यातल्या गँगवाल्या भिकू म्हात्रेला अशाच पोरांनी शिट्ट्या मारल्या होत्या, मी स्वतः त्यातला एक होतो, आम्ही चाळीतली सात-आठ जणं गेलो होतो. भिकू आम्हाला आमच्यातला वाटला होता. आणि तोच भिकू भाऊ नावाच्या पुढाऱ्याच्या हातून मरतो, निवडणूक जिंकल्याची मजा चाललेली असताना, एका क्षणात, काही संगीत नाही, शेवटचं भाषण नाही, त्या वेळी शिट्ट्या मारणारे आम्ही सगळे गप्प झालो होतो. अख्खं थिएटर गप्प. घरी येताना कोणी बोललं नव्हतं. म्हणजे शिट्टी मारणाऱ्या पोराला गप्प करणं सिनेमाला जमतं. कॅमेऱ्याने एखाद्या क्षणाचा चस्का घेतला की प्रेक्षकही चस्काच घेणार, आणि कॅमेराच लाजला, थबकला, तर प्रेक्षक थबकतो. त्या शिट्ट्यांचा निम्मा तरी हिशोब मी सिनेमाच्या खात्यावर टाकतो.

ह्यावर कोर्टानेही एकदा फार नीट सांगितलंय. फूलनदेवीवरच्या 'बँडिट क्वीन' सिनेमाच्या केसमध्ये १९९६ ला सुप्रीम कोर्टापुढे फूलनची नग्न धिंड काढल्याचं दृश्य होतं, आणि कोर्टाने ते कापायला सांगितलं नाही, कारण त्या दृश्याने बघणाऱ्याच्या मनात वासना जागी होत नाही, ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल घृणा आणि तिच्याबद्दल कणव वाटते, असं कोर्टाचं म्हणणं होतं. मला ही कसोटी पटते. किती कपडे आहेत आणि किती रक्त आहे हे मोजत बसण्यापेक्षा दृश्य कोणाच्या बाजूने उभं आहे ते बघायचं. ह्या कसोटीवर 'नाय वरन भात'मधली हिंसा बरीचशी माझ्या लेखी पास होते, खून करताना त्या पोरांचं काही तरी मरतंय हे जाणवतं. पण बायका असलेली दृश्यं पास होत नाहीत. ताईचं म्हणणं मी इथे मांडतो कारण ते माझ्यापेक्षा तिने नेमकं मांडलं, ती म्हणाली की त्या बायकांकडे पूर्ण सिनेमाभर पोरंच बघतायत, त्या बायका काय बघतायत ते एकदाही कळलं नाही. चाळीत वाढलेली बाई हे बोलते तेव्हा ऐकायला पाहिजे. ती काही संस्कृती बुडाली म्हणून ओरडणारी नाही, आमच्या मजल्यावर काय काय चालायचं ते तिला माझ्याहून जास्त माहितीय.

आता येतो त्या 'वास्तव' शब्दाकडे. भाचा म्हणतो रॉ. त्याचे मित्र म्हणतात गिरणगावात असंच होतं. त्यांना कोणी सांगितलं? सिनेमांनी. डॅडी म्हणजे अरुण गवळी, त्याची दगडी चाळ, अमर नाईकची गॅंग, हप्ता, गेम, हे सगळे शब्द त्यांना सिनेमातून आणि वेबसिरीजमधून माहितीयत. आणि ते खोटंही नाही, १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना दिवसाढवळ्या गाडीत गोळ्या घातल्या, १९९७ च्या जानेवारीत संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना मारलं. गॅंग होत्या, पोरं त्यात जात होती, आमच्या चाळीतली दोन गेली, एक परत आला नाही. पण दोन. आमच्या चाळीत ऐंशी खोल्या होत्या. बाकीची पोरं काय करत होती? कोणी कुरिअर वाटत होता, कोणी वॉचमन झाला, कोणी रात्री रिक्षा आणि दिवसा कॉलेज, कोणी एसटीडी बूथवर बसायचा. बायकांनी घर चालवलं, खानावळी चालवल्या, पापड लाटले, दादर-माटुंग्याला धुणीभांडी केली, शिवणयंत्र हप्त्यावर घेतलं. माझ्या आईने अकरा जणांची खानावळ चालवली एका दहा बाय बाराच्या खोलीत, आणि त्या अकरांत पाच जण स्वतः बेकार होते, पैसे कधी द्यायचे कधी नाही. हे वास्तव नव्हतं का? हे पण तितकंच रॉ होतं. ह्याच्यावर सिनेमा का काढला नाही असं मी म्हणत नाहीये, ज्याला जो विषय सुचेल तो त्याने करावा. मी एवढंच म्हणतोय की वास्तव नावाच्या ढिगातून तुम्ही एक मूठ उचललीत, ती उचलणं हा तुमचा निर्णय आहे, त्याचं समर्थन करा, त्यावर बोला, वाद घाला. वास्तव आहे म्हणून दाखवलं असं सांगून सुटू नका.

शिवाय गुन्हा हवेतून येत नाही. हा सिनेमा रिलीज झाला त्यानंतर चारच दिवसांनी, १८ जानेवारी २०२२ ला, गिरणी संपाला चाळीस वर्षं पूर्ण झाली. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते आणि तो संप आजपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, तो नुसता विरत गेला. गिरण्या बंद पडल्या, जमिनी उरल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत असं होतं की गिरणीची जमीन विकसित केली तर एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे ज्यावर शेड उभी होती ती जमीन वाटणीतून बाहेर. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरं सात हजारांच्या आसपास. दिग्यासारखं पोर घडायला ही सगळी वर्षं लागली. ह्यात एकही गोळी झाडलेली नाही, ह्यात रक्त दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्याला ते दाखवायला अवघड जातं हे मला कळतं. पण ह्या पोरांच्या हातात चाकू कोणी दिला ह्याचं उत्तर ह्या कागदांत आहे, आणि पिक्चर बघून बाहेर पडणाऱ्या पोराला त्याची साधी शंकासुद्धा येत नसेल, तर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट जाते, की ती माणसंच तशी होती. चाळीतली. परळची. आपली नाही.

मामाला नेमकं हेच बोचलं होतं.

नाव बघा ना. वरण भात लोणचं, कोण नाय कोणचं. आमच्याकडे पोरं खेळताना राज्य कोणावर आलं की हे म्हणायची, कट्टी झाली की म्हणायची, हसत हसत. त्याचा अर्थ आम्हाला मोठं झाल्यावर कळला. जेवणाच्या ताटातून उचललेली ओळ आहे ती. पवारांनी ती उचलली तेव्हा त्यांना त्या ताटाचं वजन माहीत होतं.

भाच्याशी माझं अजून पटलेलं नाही. तो म्हणतो मामा, तुम्ही लोक सिनेमाकडून इतिहासाचं पुस्तक मागताय, सिनेमाने धक्का दिला तर बस झालं, पुढचं आम्ही गुगल करू. ह्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही, पवारांचं नाव त्याला ह्या सिनेमामुळेच कळलं आणि कथा त्याने नंतर माझ्याकडूनच वाचायला नेली. पण धक्का आणि समज ह्यात मधली पायरी प्रत्येक जण चढतोच असं नाही. मागच्या रांगेतली ती शिट्टी मारणारी पोरं घरी जाऊन काय गुगल करणार होती?

त्या रात्री आम्ही परळहून स्लो लोकल पकडली. गर्दी नव्हती, चौघांना बसायला मिळालं. भाचा मोबाईलवर सिनेमाबद्दल काहीतरी वाचत होता, मग एकदम मान वर करून मामाला म्हणाला, "मामाआजोबा, संप चालू होता तेव्हा तुम्ही जेवायचात काय?"

मामा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "गावावरनं तांदूळ यायचा. एसटीच्या टपावर पोतं टाकून धाडायचे. डाळ इथं विकत घ्यावी लागायची, ती काय परवडायची नाय." मग थोडा थांबून म्हणाला, "लोणचं असायचं. ते पण गावचंच."